मॅनेजर वाडेकर : प्रस्तावना

अजित वाडेकर म्हटलं की मराठी माणूस थेट 1971मध्ये जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पोर्ट ऑफ स्पेन, ओव्हल, गावसकरच्या 774 धावा, चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी. जरा जाणकार असेल तर 1974च्या लॉर्ड्सवरच्या 42 धावांचा विषय काढतो, चुकचुकतो आणि गप्पा दुसरीकडे वळवतो. त्यानंतर वाडेकर आणखी 44 वर्षं आपल्यात होते. त्यातली जवळजवळ साडेतीन वर्षं ते भारतीय संघाचे मॅनेजर होते, पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. या काळाबद्दल मराठीत सलग, नीट लिहिलेलं माझ्या वाचनात फारसं आलं नाही. म्हणून हे पुस्तक.

देशासाठी कसोटी खेळायची, कप्तानी करायची, मग संघाचा मॅनेजर व्हायचं आणि शेवटी निवड समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं, हा सगळा प्रवास केलेली माणसं आपल्याकडे मोजकी. लाला अमरनाथ, चंदू बोर्डे आणि वाडेकर ही त्यातली ठळक नावं. तिघांपैकी दोघांची बोलण्याची भाषा मराठी, ही आपल्याला सुखावणारी गोष्ट, पण तिच्या जोरावर पुस्तक उभं राहत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. वाडेकर पिंडाने मॅनेजरच होते. कप्तान होते तेव्हाही मॅनेजर होते, आणि 1971 समजून घ्यायचं तर ते 1992 ते 1996च्या उजेडात पाहावं लागतं. नुसत्या फलंदाजीच्या आकड्यांवरून हा माणूस हाती लागत नाही. 37 कसोट्या, 2113 धावा, सरासरी 31च्या आसपास, शतक एकच, 1968मध्ये वेलिंग्टनला केलेलं 143 धावांचं. रणजीत म्हैसूरविरुद्ध 323 धावा करणाऱ्या, मुंबईच्या मैदानांवर गोलंदाजांची झोप उडवणाऱ्या डावखुऱ्याकडून लोकांनी यापेक्षा जास्त मागितलं होतं, आणि ते मागणं चुकीचं नव्हतं. स्लिपमधले 46 झेल मात्र कुणाच्या सहसा लक्षात राहत नाहीत. बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर घेतलेले ते झेल नसते तर त्या चौघांचे आकडेही थोडे वेगळे दिसले असते.

1971ची सुरुवात आठवा. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कप्तान झाले. पतौडी त्याआधीच्या दशकातलं सगळ्यात झळाळतं नाव, आणि हे बँकेत नोकरी करणारे दादरकर. संघात दिलीप सरदेसाई, सलीम दुर्राणी, जयसिंहा, म्हणजे अनुभवाने तोडीस तोड असलेली किंवा कप्तानाला सल्ला द्यायला मोकळी असलेली मंडळी. अशा संघात नवा कप्तान दोन प्रकारे वागू शकतो. एक तर हुकूम सोडतो, नाहीतर ज्याचं जे काम त्याला ते सोपवून बाजूला उभा राहतो. वाडेकर दुसऱ्या जातीचे.

वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. पाच दिवसांचा सामना चार दिवसांचा झाला, त्यामुळे फॉलोऑन देण्यासाठी लागणारी आघाडी 200 धावांवरून 150वर आली. भारत 5 बाद 75 अशा दुर्दशेत असताना सरदेसाईने 212 धावा ठोकल्या, सोलकरने साथ दिली आणि धावफलकावर 387 लागले. वेस्ट इंडीज 217. आघाडी 170. हा बारीक नियम वाडेकरांनी डोक्यात ठेवला होता. त्यांनी जाऊन विंडीजचा कप्तान सोबर्सला सांगितलं, तुम्ही पुन्हा फलंदाजी करा. सोबर्सला क्षणभर ते पटेना. सामना अनिर्णित राहिला, वेस्ट इंडीजने दुसऱ्या डावात आरामात धावा केल्या, म्हणजे हिशोबाने पाहिलं तर त्या फॉलोऑनमधून काहीच हाती लागलं नाही. पण त्या मालिकेतली दोन ड्रेसिंग रूममधली हवा तिथून बदलली. पुढच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, दुर्राणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला 15 धावांवर बाद केलं. लॉइडचा झेल वाडेकरांचाच. भारत 7 गडी राखून जिंकला, आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला तो पहिला कसोटी विजय.

मग इंग्लंड. तिथे मॅनेजर होते हेमू अधिकारी, पुण्याचे, सैन्यातले, स्वतः कसोटीत कप्तानी केलेले. त्या संघाच्या क्षेत्ररक्षणावर अधिकाऱ्यांची शिस्त उमटलेली होती. पुढे वीस-एकवीस वर्षांनी वाडेकर त्याच खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्यासमोर हा नमुना असणारच. ओव्हलवर इंग्लंडला चंद्रशेखरने 101 धावांत गुंडाळलं आणि भारताला 173 धावा हव्या होत्या. शेवटच्या सकाळी वाडेकर 45 धावांवर धावबाद झाले, रात्रीच्या धावसंख्येत एकाचीही भर न घालता. त्यानंतरचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे: ते ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपले आणि सामना जिंकल्यावर केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं. तो 24 ऑगस्टचा दिवस, गणेश चतुर्थीचा. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली हत्तीण मैदानात फिरवली गेली ती त्याच सामन्यात. झोपेचा किस्सा लोक निष्काळजीपणाचा विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. बाहेर पडल्यावर आपल्या हातात काही उरलेलं नाही हे समजणं, आणि आतल्या माणसांना ते काम जमेल असं मानणं, याला फार मोठी छाती लागते. कप्तानांना हे क्वचित जमतं. मॅनेजरला जमलंच पाहिजे, कारण त्याच्या हातात सामना सुरू झाल्यावर काहीच नसतं.

वाडेकर घडले ते नोकरदार क्रिकेटमध्ये. एल्फिन्स्टन कॉलेजला असताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटले, त्यांनी बारावा खेळाडू म्हणून येतोस का विचारलं, आणि गणित शिकून अभियंता व्हायला निघालेला मुलगा मैदानाकडे वळला. पुढे स्टेट बँक. त्या काळी मुंबईत क्रिकेटवर पोट भरत नसे, कचेऱ्या ते भरत. स्टेट बँक, एसीसी, टाटा, मफतलाल, निरलॉन यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये एकमेकांशी भिडत, आणि ज्यांनी कसोटीत गावसकरला साथ दिली ते सोमवारी आपापल्या टेबलाशी बसत. आजच्या व्यावसायिक खेळाडूला हे अडाणीपणाचं वाटेल. पण या व्यवस्थेने एक गोष्ट शिकवली, जी आयपीएलच्या कराराने शिकवता येत नाही. वरिष्ठ आणि कनिष्ठ, हुशार आणि आळशी, बढती मिळालेला आणि डावलला गेलेला, सगळ्यांना एकाच खोलीत वर्षानुवर्षं एकमेकांसोबत काढावी लागतात. 1972-73च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले, मद्रासला त्यांनी 73 धावा केल्या आणि भारताने ती मालिका 2-1 अशी जिंकली. ज्याची गादी घेतली त्याच माणसाला संघात सामावून घ्यायचं आणि त्याच्याकडून धावाही काढायच्या, हे काम बँकेत काम केलेल्या माणसाला जमावं याचं मला नवल वाटत नाही.

1974 मात्र कठोर निघालं. मॅंचेस्टर, लॉर्ड्स, बर्मिंगहॅम, तिन्ही कसोट्या गेल्या, त्यातल्या दोन डावाने. लॉर्ड्सला 24 जूनला 42 धावा, त्यातल्या नाबाद 18 एकट्या सोलकरच्या. आपल्या उच्चायुक्तांकडच्या समारंभाला संघ उशिरा पोचला आणि त्याला दारातूनच परत पाठवण्यात आलं. इंदूरला 1971च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या सिमेंटच्या बॅटची लोकांनी विटंबना केली. त्याच दौऱ्यात 13 जुलैला हेडिंग्लेवर भारत आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला, वाडेकर त्याचे कप्तान होते आणि त्यांनी 67 धावा केल्या. पण त्याची नोंद घ्यायला कुणी शिल्लक नव्हतं. घरी आल्यावर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं. त्यांनी निवृत्ती घेतली. तीन लागोपाठच्या मालिका जिंकून दिलेल्या कप्तानाला एका वाईट उन्हाळ्यानंतर दुसरी संधी मिळाली नाही. हे या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे असं मी समजतो, कारण पुढे मॅनेजर म्हणून ज्या माणसाच्या पाठीशी ते उभे राहिले तोही नेमका अशाच कड्यावर उभा होता.

1990च्या सुमारास क्रिकेट मंडळाने ‘क्रिकेट मॅनेजर’ नावाचं पद सुरू केलं. पहिले बिशनसिंग बेदी, त्यांची जीभ कशी चालायची ते सांगायला नको. मग अब्बास अली बेग. 1992च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यापासून वाडेकर. आज संघासोबत फलंदाजीचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा प्रशिक्षक असतो, शिवाय डेटा पाहणारे आणि अंग चोळणारे. वाडेकरांच्या वेळी हे बहुतेक सगळं एकाच माणसाच्या अंगावर होतं. कप्तान अझरुद्दीन. ऑस्ट्रेलियात 4-0, विश्वचषकात अपयश, आता दक्षिण आफ्रिकेतही 1-0. त्याची खुर्ची डळमळीत होती हे तेव्हाची वर्तमानपत्रं उघडली तरी दिसतं. इंग्लंडचा संघ 1993च्या सुरुवातीला भारतात आला. ईडन गार्डन्सवर अझरने 182 धावा केल्या, मुंबईत कांबळीने 224, कुंबळेने मालिकेत 21 बळी घेतले आणि इंग्लंड 3-0 हरलं. अझर टिकला. तो त्याच्या बॅटने टिकला हे खरंच, पण त्याला टिकवण्यात मॅनेजरचा हात होता असं मी मानतो. 1974मध्ये त्यांच्यासाठी कुणी जे केलं नाही ते वाडेकरांनी अझरसाठी केलं.

यशाची कृती साधी होती. कुंबळे, राजेश चौहान, व्यंकटपती राजू. वळणारी खेळपट्टी, मोठी धावसंख्या, मग तिघांचं जाळं. पुढे झिम्बाब्वे दिल्लीत, श्रीलंका तीन कसोट्यांत, तीनही डावाने. वाडेकरांच्या काळात भारताने घरची एकही कसोटी मालिका गमावली नाही. टीकाकार म्हणाले, हे घरातले वाघ. आरोप अर्धा खरा आहे. उरलेलं अर्धं असं की 1993मध्ये कोलंबोत मिळवलेला विजय हा 1986च्या इंग्लंड दौऱ्यानंतरचा भारताचा परदेशातला पहिला कसोटी विजय होता, आणि त्यासोबत मालिकाही आली.

वाडेकरांच्या मॅनेजरकीतला सगळ्यात दूरवर गेलेला निर्णय मात्र कसोटीतला नाही. 27 मार्च 1994, ऑकलंड. सलामीवीर नवज्योत सिद्धूची मान सकाळी आखडली. सचिन तेंडुलकर अझर आणि वाडेकरांकडे गेला आणि म्हणाला, मला सलामीला पाठवा. जमलं नाही तर पुन्हा विचारणार नाही. दोघांनी हो म्हटलं. सचिनने 49 चेंडूंत 82 धावा केल्या. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचं पहिलं एकदिवसीय शतक आलं, कारकिर्दीतल्या 79व्या सामन्यात. पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. मॅनेजरचं कसब इथे काय होतं, असं कुणी विचारेल. ‘हो’ म्हणण्यात काय मोठं? मोठं यात की संघातल्या सगळ्यात मौल्यवान फलंदाजाला नव्या चेंडूसमोर टाकायचं, आणि तो पडला असता तर दुसऱ्या दिवशी शिव्या कुणी खायच्या हे आधीच ठरलेलं होतं.

शिव्या त्यांनी खाल्ल्याच, दोन वर्षांनी. 13 मार्च 1996, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. अझरने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. श्रीलंका त्या स्पर्धेत पाठलाग करून जिंकत आली होती, त्यामुळे तो निर्णय सकाळी वेडगळ वाटला नव्हता. संध्याकाळी खेळपट्टीची माती सुटली, 1 बाद 98वरून 8 बाद 120, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला दिला. पोर्ट ऑफ स्पेनला ज्याचा झेल वाडेकरांनी घेतला होता तोच लॉइड. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर म्हणून शिवाजी पार्कचेच संदीप पाटील गेले.

मी वाडेकरांचा भाट नाही, आणि हे पुस्तकही त्यांची आरती नाही. त्यांच्या पद्धतीची किंमत काही माणसांनी मोजली. पद्माकर शिवलकर, ज्यांनी 1973च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले, ते कधीच कसोटी खेळले नाहीत. बेदी समोर होते हे कारण पुरेसं आहे का, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजूनही आवाज चढतात. जवागल श्रीनाथ ऐन उमेदीत घरच्या कसोट्यांत बाकावर बसून राहिला, कारण तीन फिरकीपटू आणि कपिल देव यांच्यानंतर जागा उरत नव्हती. कपिलने 1994च्या फेब्रुवारीत अहमदाबादला 432वा बळी घेऊन विक्रम केला. तो विक्रम व्हावा अशी सगळ्या देशाची इच्छा होती. श्रीनाथला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आणि प्रवीण आमरे. मॅनेजर वाडेकरांच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातल्या पहिल्याच कसोटीत, नोव्हेंबर 1992मध्ये डर्बनला, आमरेने पदार्पणात 103 धावा केल्या. 11 कसोट्यांत सरासरी 42.50. ऑगस्ट 1993नंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही. सरासरी 42 असलेल्या फलंदाजाला 25व्या वर्षी घरी बसवणारा संघ श्रीमंतच म्हणायचा. वाडेकर तेव्हा मॅनेजर होते, निवड समितीत नव्हते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. पण त्यांच्या हातात शब्द टाकणं होतं. 1974चा वाडेकर ज्याला आठवतो त्याला इथे वाडेकरांवर थोडं रागवावंसं वाटतं. आमरे पुढे प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली मुंबईने रणजी करंडक जिंकले, आणि त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांत डोंबिवलीचा एक मुलगा होता.

इथे माझ्या गावाचा संबंध येतो. डोंबिवली आणि दिवा यांच्या मधलं कोपर. खाली मध्य रेल्वेचं स्टेशन, वरून वसई-दिव्याचा मार्ग, पलीकडे खाडी. शिवाजी पार्कच्या माणसावरचं पुस्तक कोपरला बसून का लिहायचं, असं मला विचारलं गेलं. कारण मुंबईचं क्रिकेट आता इथल्याच गाड्यांमधून येतं. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा, वाढला डोंबिवलीत, किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठायचा. 19 डिसेंबर 2020ला ॲडलेडवर भारताचा डाव 36 धावांत संपला. 46 वर्षं वाडेकरांच्या संघाच्या नावावर चिकटलेला 42चा नीचांक त्या दिवशी पुसला गेला. कप्तान कोहली घरी परतला आणि पुढचा संघ रहाणेच्या हाती आला. मेलबर्नला त्याने 112 धावा केल्या, सामना जिंकला, आणि 19 जानेवारी 2021ला ब्रिस्बेनला मालिका 2-1. आवाज न चढवता, जखमी माणसांच्या जागी नवखी माणसं उभी करून. वाडेकर दोन वर्षं आधी, 15 ऑगस्ट 2018ला गेले होते. नाहीतर त्या मालिकेतला कप्तान त्यांना ओळखीचा वाटला असता.

आमच्या भागात दुसरंही एक क्रिकेट आहे, टेनिस चेंडूचं. खाडीकाठच्या आगरी गावांत दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत त्याच्या स्पर्धा चालतात, रात्रीच्या दिव्यांखाली, बक्षिसाला मोटारसायकल ठेवलेली. तिथे संघाचा कप्तान कोण हे विचारलं तर लोक क्षणभर थांबतात, पण मॅनेजर कोण हे लगेच सांगतात. बाहेरगावचे खेळाडू तो ठरवतो, टेम्पो तो बोलावतो, बाराव्या माणसाची समजूत तोच काढतो, आणि हरल्यावर पैशांची चौकशीही त्याच्याकडेच होते. वाडेकर इथल्या पोरांना सांगायचे झाले तर मी 1971पासून सुरुवात करत नाही. पुस्तकाचं पहिलं प्रकरणही म्हणूनच डर्बनच्या नोव्हेंबरात उघडतं. 1971 आणि 1974 नंतर येतात, मागे वळून पाहिल्यासारखे. हा उलटा क्रम काहींना खटकेल. ज्यांना सरळ कथा हवी त्यांनी तिसऱ्या भागापासून वाचावं, काही बिघडत नाही.

निवड समितीच्या अध्यक्षपदावर मी दोनच प्रकरणं दिली आहेत. त्या कामात वाडेकरांचा हात मला तितका स्पष्ट दिसत नाही, समितीचे निर्णय पाच जणांचे असतात आणि त्यातला एकाचा वाटा वेगळा काढून दाखवणं म्हणजे तर्कबाजी. त्याऐवजी शेवटचं प्रकरण शारीरिक अपंगत्व असलेल्या क्रिकेटपटूंच्या संघटनेवर आहे. वाडेकर तिचे अध्यक्ष होते, आणि ते नावापुरतं नव्हतं. काठी टेकत किंवा एका हाताने खेळणाऱ्या मुलांसाठी मैदान मागायचं, चेंडू आणि प्रवासखर्चासाठी कंपन्यांची दारं ठोठावायची, पुरस्कर्ता मिळाला नाही की ओळखीपाळखीतून गाडी पुढे रेटायची, हे काम तिथे होतं. सचिनला सलामीला पाठवण्यापेक्षा हे जड होतं की नाही हे वाचकाने ठरवावं. पुस्तकातलं ते सगळ्यात लहान प्रकरण आहे, कारण त्या सामन्यांचे धावफलक छापायला वर्तमानपत्रांकडे क्वचितच जागा होती.

— कोपर, डोंबिवली